नळकांड्याला अर्घ्य

द्वारका, दिल्ली
आश्विन वद्य सप्तमी

चि. दिलीप यास अक्काचा आशीर्वाद.

तुझा गॅस, हेमलताचे गुडघे आणि म्हशीचं दूध यांची खुशाली याच क्रमाने कळव. नुसतं ‘सर्व मजेत’ लिहू नकोस. मजेत असलेला माणूस पोस्टाची पायरी चढत नाही. माझं विचारशील तर दात गेले, जीभ शाबूत आहे. फोन का नाही केला, तर फोन हॉलमध्ये असतो आणि हॉलमध्ये हेरंब असतो, आणि सांगायचं आहे ते हेरंबचंच. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, सांभाळून वाच.

तर तुझा भाचा हे घर विकायला निघालाय. नड नाही, भांडण नाही, वास्तुदोष नाही. घरामागे उजेड फार पडतो म्हणून. अंधाराला भिऊन घर सोडणारे मी पाहिलेत, उजेडाला कंटाळून सोडणारा हा पहिलाच, आणि तो माझ्याच पोटी यावा. या भिंतीत तुझ्या दाजींचा फंड आहे आणि माझ्या पाटल्या आहेत. आम्ही इथे आलो तेव्हा रस्ता नव्हता, पाणी टँकरने यायचं, संध्याकाळी कोल्हे ओरडायचे आणि वीज गेली की दुसऱ्या दिवशी यायची. सगळी सोसायटी रडत होती. हा एकटा तळमजल्याच्या मागच्या अंगणात उभा राहून, आई, काय सुंदर काळोख आहे, म्हणत होता. आता मेट्रो आली, भाजीवाला दारात येतो, पाणी दोन्ही वेळा येतं, आणि घरात सुतक असल्यासारखा हा बसलाय.

सगळ्याच्या मुळाशी ते नळकांडं, म्हणजे त्याची तारे बघायची दुर्बीण. आपल्या पाणी तापवायच्या बंबाची उंची दुप्पट केलीस तर तुला कळेल. वरचं तोंड सताड उघडं, तळाशी परातीएवढा आरसा, आणि बघायचं भोक बाजूला, तोंडाजवळ. (दाजींनी कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तो कोपर्निकस म्हणजे रस्ते बांधणारा कोणी साहेब असेल असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. आता हेरंब सांगतो की तोही ताऱ्यांचाच माणूस. म्हणजे हे खूळ बापाच्या पगारातूनच घरात आलं.) रोज जेवण झालं की माकडटोपी घालून हा अंगणात जातो, नळकांड्याला कॅमेरा बांधतो आणि एकाच जागेचे ढीगभर फोटो काढून ते घावनासारखे एकावर एक रचतो. एवढं करून निघतो काय, तर पांढुरका डाग. आमच्या मोरीतल्या फरशीवर तसाच आहे, तो फुकट आहे. डागावरून तिरकी रेघ गेलेली असते, ती विमानाची, कारण विमानतळ उशाशीच आहे. असे डाग चौकटीत घालून भिंतीला लावलेत. बायकोचा, वृंदाचा मात्र लग्नानंतर एक धड फोटो नाही. ती म्हणते, मी फार जवळ आहे ना आई, म्हणून.

बरं, हेही चाललं असतं. पण गाड्यांची चाकं चोरीला जायला लागली, तेव्हा सोसायटीने मागच्या भिंतीपाशी खांब रोवून वर हॅलोजन बसवला. अंगणात सांडलेली मोहरी वेचता येईल असा उजेड. याने अर्ज दिले, मीटिंगमध्ये भाषण केलं. सेक्रेटरी खुराना म्हणाले, तारे चोरीला जात नाहीत, चाकं जातात. त्यांचं काय चुकलं? उलट तिसऱ्या मजल्यावरच्या सेठीणबाईंना संशय आला की नळकांडं आपल्या खिडकीकडे वळतं, म्हणून त्यांनी जाड पडदे शिवून घेतले. (त्यांचा नवरासुद्धा टीव्हीवरून मान वळवत नाही, हेरंब कशाला वळवेल!) हरल्यावर याने शहराबाहेर सोहना गावाच्या पलीकडे कुठेतरी प्लॉट बघितला. तिथे वीज नाही, दुकान नाही, डॉक्टर नाही, हे सगळं तो आनंदाने सांगत होता. घराला छप्पर म्हणे सरकतं करायचं. माझा जन्म गळकी छपरं शाकारण्यात गेला, आणि याला मुद्दाम उघडणारं हवंय.

म्हणून मी पदर खोचला. परवाच्या चतुर्थीला आपली संकष्टी, त्याच दिवशी इथल्या पंजाबणींचा करवा चौथ. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, चंद्र दिसल्यावर चाळणीतून तो बघायचा, मग नवऱ्याचं तोंड बघायचं आणि पाणी प्यायचं. (आधी नवऱ्याचं तोंड बघून मग पाणी प्यावंसं वाटणं याला पुण्याई लागते.) पण या दिवसांत दिल्लीत धूर इतका की चंद्राला वाट सापडत नाही, आणि गच्चीला टाकीच्या कामासाठी कुलूप. मी खुरानाच्या बायकोला, पम्मीला, गाठलं आणि सांगितलं की माझ्या लेकाचं यंत्र चंद्राला सर्वांच्या आधी ओढून आणतं. खरं तर पूर्वेच्या दोन टॉवरांमधली फट आमच्याच अंगणातून दिसते. पुण्य त्या फटीचं आहे. पण विकायला बसलेल्या माणसाने एवढं सांगू नये. ती म्हणाली, “माँजी, आप चाँद दिखवा दो, बत्ती तो मैं हमेशा के लिए बुझवा दूँगी.” चंद्र बघायला दिवा घालवावा लागत नाही, असं हेरंब लगेच सांगायला निघाला होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

संध्याकाळी अंगणात ही गर्दी. लाल शालू, कोपरापर्यंत बांगड्या, हातात चाळण्या, पोटात आग. आणि उपाशी बायकांपुढे हेरंब चंद्रावरच्या खड्ड्यांचं व्याख्यान देतोय. फटीत चंद्र आला तसं त्याने नळकांडं वळवलं. पहिलीने डोळा लावला आणि घाबरून म्हणाली, चंद्र उलटा आहे. आता नवऱ्याचं आयुष्य वाढायचं की घटायचं? आकाशात वर-खाली असं काही नसतं, असं याने समजावलं, त्याने ती आणखीच घाबरली. सेठीणबाईंच्या सुनेने विचारलं की आमचे हे गुडगावला कॉल सेंटरात रात्रपाळीला आहेत, ते यातून दिसतील का? याने दिशा सांगितली, आणि मध्ये कोणत्या इमारती आडव्या येतात तेही. मग चंद्र कधी नव्हे तो इतका स्वच्छ बसलाय, फोटो घेतो, म्हणून हा कॅमेऱ्याची बॅटरी आणायला आत गेला.

तेवढ्यात पम्मीची पाळी आली. चंद्र बघितला, हात जोडले, आणि अर्घ्य द्यायला करवा, म्हणजे तोटीचा लोटा, उचलला. आता चंद्राला पाणी द्यायचं तर चंद्र आहे कुठे? तिने तो नळकांड्यात पाहिला होता. सरळ हिशेब. दूध, साखर आणि अक्षता घातलेलं पाणी तिने करव्याच्या तोटीने नळकांड्याच्या उघड्या तोंडात भक्तिभावाने सोडलं. सेक्रेटरीच्या बायकोने केलं म्हटल्यावर मागच्यांनी कशाला विचार करायचा? रांगेने सगळ्यांनी सोडलं. (मी नाही सोडलं. मी स्वयंपाकघरातल्या आपल्या मराठी कॅलेंडरप्रमाणे मुंबईचा चंद्रोदय धरते, तो इथल्यापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा. माझा चंद्र अजून उगवायचा होता.) हेरंब बॅटरी घेऊन आला तेव्हा नळकांड्याच्या बुडाशी खिरीचं आधण पडल्यासारखं झालं होतं.

त्याने आरसा काढून परातीत धुतला, त्याचा मुलामा डागाडागांनी गेलाय म्हणतो. वृंदा पिठाच्या डब्यात तोंड घालून हसत होती. पम्मीने शब्द पाळला, चौकीदाराला हाक मारून तिथल्या तिथे दिवा बंद करवला. म्हणजे बघ, काळोख आला आणि यंत्र आंधळं झालं. रिकाम्या नळकांड्याला आता लाल धागा बांधलाय आणि पुढच्या वर्षीचे नंबर आत्ताच लागलेत. काल ताक पिता पिता हेरंब म्हणाला, “आई, मामाच्या माळावर रात्री कोणी नसतं ना गं?” मी म्हटलं, मामा असतो. तर म्हणाला, मामाचं काय, तो आठला झोपतो.

सर्वांना आशीर्वाद. हेमलताला म्हणावं, गुडघ्यांना एरंडेल लाव, चूर्णवाल्याच्या नादी लागू नकोस.

तुझी अक्का

ता. क. दिवाळीत हा पुण्याला आरसा मुलाम्याला देऊन थेट तुझ्याकडे येतोय, माळ बघायला. तेव्हा तू एक कर. मांडववाल्याकडून जनरेटर आण आणि माळाच्या मधोमध लग्नातले चांगले दोन हॅलोजन लाव. विचारलं तर सांग, ग्रामपंचायतीने बसवलेत, आणखी येणार आहेत. इथे दिवा विझलेला, तिथे पेटलेला, असं झालं की तो मुकाट्याने आरसा घेऊन माझ्या घरी परत येईल.

ता. क. दुसरा. जनरेटरला भाडं पडतं, रॉकेल पडतं, हे रडगाणं मला लिहू नकोस. त्या माळात माझाही हिस्सा आहे आणि हक्कसोडपत्रावर मी अजून सही केलेली नाही, हे तुला चांगलं माहीत आहे. हेरंबला अजून माहीत नाही.