हवेचं गाळणं

अहो,

उद्या क्षमावाणी. सकाळी बस्तीत देवदर्शन करून आलं की माणसं घरोघर हात जोडून जातील, "उत्तम क्षमा" म्हणतील, आणि वर्षभराचं बोललेलं-दुखावलेलं सगळं त्या एका नमस्कारात विसरायचं. मी आजच निम्म्या गल्लीत जाऊन आले. समोरच्या काकूंची क्षमा मागितली, खाली गिरणीत महादबाची मागितली. ज्यांचं मी काही वाकडं केलं नाही अशा सगळ्यांची मागून झाली. ज्यांची मागायची, ते तुम्ही तर नाही. म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलंच नाही. कशाला लिहिणार? आपली उज्ज्वला झाली तेव्हा माहेरी हुपरीला राहिले तेवढेच काय ते वेगळे राहिलो आपण, आणि तेव्हाही तुम्ही दर रविवारी हजर! भुवयांवर गिरणीचं पीठ तसंच. आमची आई दारातूनच ओरडायची, "सुनंदे, जावई आल्यात का त्यांचं वडील, बघ गं!"

आणि आता लिहून पाठवणार तरी कुठं? शास्त्र सांगतं, जीव देह सोडतो तो क्षणात दुसरीकडं जातो, मागं वळून बघत नाही. वर कुठं बसून तुम्ही हे वाचत नाही, एवढं मला कळतं. कुठंतरी नव्यानं श्वास घेत असाल. मोकळा घेत असाल ना हो?

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "घरातली धूळ बंद करा." दोन शब्दांत सांगून मोकळे झाले! कशी बंद करायची? खाली आपलीच पिठाची गिरणी, वर आपण. आयुष्यभर ती चालवून तुमच्या छातीत पीठ बसलं, आणि बसल्यावर ती महादबाला चालवायला दिली, तर तिच्याच भाड्यावर आपली चूल. बंद कर म्हणायचं तरी कुणाच्या तोंडानं?

महादबाचं मात्र खरंच कौतुक. बाजरी घालायची झाली की आधी जिन्याखालून हाक मारायचा, "वैनीऽ, बाजरी टाकतोय, खिडक्या लावून घ्या!" मी धावत जाऊन लावायची. तरी संध्याकाळी देव्हाऱ्यावर बोट फिरवलं की पांढरी रेघ उमटायचीच. तुम्ही कॉटवर तक्क्याला टेकून खालचा आवाज ऐकत बसायचा. चार पावलं चाललं तर धाप लागत होती, पण म्हणायचा, "दगड गुळगुळीत झालाय, टाकी मारायला झालीया. सांग त्याला, पीठ गरम येत असंल." स्वतःच्या छातीची एवढी काळजी कधी केलीत का?

हवा स्वच्छ करायचं दुकानातलं यंत्र उज्ज्वला घेऊन देणार होती. तुम्हीच अडवलंत. "त्यात काय असतंय? एक पंखा आन् एक गाळणं. मी करतो की घरात." जावयांच्या मोबाईलवर कुणीतरी केलेलं बघितलं होतंत तुम्ही. मग जयसिंगपुराहून तिनं दोन फिल्टर पाठवले. हातभर लांब-रुंद चौकट, आत पांढऱ्या कागदाच्या बारीक बारीक घड्या, साडीच्या निऱ्यांसारख्या.

किती दिवसांनी तुम्ही कॉटवरून उतरून जमिनीवर बसलात त्या दिवशी! आपला जुना टेबल फॅन, वाण्याकडून आणलेलं मोठं खोकं, आणि खाकी चिकटपट्टी. तुम्ही सांगायचं, मी करायचं. खोक्याच्या मागच्या बाजूला फिल्टर, पुढच्या बाजूला पंख्याएवढं गोल भोक, त्यात पंखा.

"अगं उलटं लावलीस की! चौकटीवर बाण हाय, बघ. वारं जिकडं जाणार तिकडं बाणाचं तोंड."

"मला काय म्हाईत? एवढं येत असलं तर उठून लावा की स्वतः."

"उठता आलं असतं तर तुला हात लावू दिला असता व्हय?"

मग प्रत्येक फटीवर पट्टी. मी पट्टी आखडून लावत होते, तुमच्या लगेच ध्यानात आलं. "सुनंदे, हितं काटकसर नको. वारं लै लबाड असतंय. सोपी वाट घावली की गाळण्यातनं कशाला जाईल?" आणि फट राहिली का ते बघायला मला उदबत्ती लावायला सांगितलीत. धूर चालत नाही म्हणून देवापुढची उदबत्तीसुद्धा मी तेव्हा गॅलरीत लावत होते. मी नको म्हटलं, तर हसलात. "रोज देवाच्या नावानं लावतीस, आज माझ्या नावानं लाव."

"शुभ बोला जरा!" मी म्हटलं. तुम्हाला हसताना उबळ आली, आणि मी ती उदबत्ती हातात धरून तशीच उभी राहिले.

धूर खोक्याच्या कडेनं सरळ पुढं निघून गेला, कुठं आत ओढला गेला नाही, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. नवीन पट्टा चढवून गिरणी सुरू झाली की डोलवायचा तशी. मी म्हटलं, "पाणी गाळून पितोच, आता हवा गाळून घ्या." तेव्हापासून त्याचं नाव हवेचं गाळणं.

त्या नावानंच माझा घात केला असं म्हणू का? नावाला कशाला दोष देऊ?

महिन्याभरात त्या पांढऱ्या घड्या करड्या पडल्या. उज्ज्वला फोनवर म्हणाली, "आई, काळपट झाला की टाकून दे, दुसरा लाव." टाकून? अहो, माझ्या हातून गाळणं कधी टाकलं गेलंय का? सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हळू धुवायचं, आणि ते पाणी परत विहिरीत सोडायचं. कारण फडक्याला अडकलेले जीव आपले नव्हेत, त्यांचं घर त्यांना परत द्यायचं. नळाचं पाणी आलं तरी मी फडकं सोडलं नाही. मग हवेतले जीव त्या घड्यांत अडकले असतील, ते काय कचऱ्याच्या गाडीत घालू? आणि एवढी चांगली चौकट, एका महिन्यात फेकून द्यायची?

टपात गाळलेलं पाणी घेतलं, फिल्टर बुडवला, हातानं हळूहळू हेलकावला. पाणी करडं झालं. ते मागच्या जास्वंदीला घातलं. फिल्टर दुपारभर गच्चीत वाळवला. कडक ऊन होतं. पुन्हा कसा पांढरा झाला, काय सांगू तुम्हाला! दोन-चार ठिकाणी कागदाला लव आल्यासारखी झाली होती, तेवढंच. नवा तसाच कपाटात ठेवला. पुढं लागेल म्हणून.

पंखा लावला तर आधीपेक्षा जास्त वारं. तुम्ही डोळे मिटून पडला होता, तसेच म्हणालात, "आज वारं झकास लागतंय की. बदललीस व्हय गाळणं?"

मी म्हटलं, "व्हय."

का म्हटलं? धुतलं म्हणाले असते तर तुम्ही काय मारणार होता? यंत्र समजणारे तुम्ही, तुम्हाला त्याच क्षणी कळलं असतं काय झालं ते. पण "दुसरा काय उबवायला ठेवलाईस?" असं काहीतरी बोलला असता, आणि मला तेवढंसुद्धा ऐकून घ्यायचं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आता बरं वाटतंय." मी खुशीत आत गेले आणि भाकरी टाकल्या.

तसं मी दोनदा धुतलं. दोन्ही वेळा तुम्हाला "बदललं" म्हटलं.

एक उतरती दुपार आठवते. मी डाळ निवडत होते. तुम्ही हात लांबवून बंद पंख्याच्या जाळीतून पात्यावर बोट फिरवलंत. बोटाला पीठ आलं. गाळून आलेल्या हवेत पीठ कुठून येईल, हे तुमच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? तुम्ही बोटाकडं बघितलंत, मग माझ्याकडं. बोट धोतराला पुसलंत आणि म्हणालात, "जेवायला वाढतीस का? दिवस बुडायच्या आत उरकू, सूर्य काय थांबणार न्हाय."

तुम्हाला कळलं होतं का हो? कळलं असेल तर बोलला का नाहीत? एरवी पोळपाट वाकडा ठेवला तर घर डोक्यावर घेणारा माणूस! त्या दिवशी ओरडला असता तर मी नवा फिल्टर काढून लावला असता. तुमचा हा गप्प बसण्याचा मोठेपणा मला आता सोसत नाही.

नंतर तुम्हाला दवाखान्यात ठेवलं, आणि भर दुपारी, मी तिथल्या नळावर तांब्या भरत होते तेवढ्यात, गेलात. तेवढाही दम धरला नाहीत.

कपाटातला दुसरा फिल्टर मी वैशाखात काढला. कुणा गरजवंताला द्यावा म्हणून. वेष्टनावर एक चित्र होतं. बादली, तिच्यात पाणी, आणि तिच्यावर फुली. खाली इंग्रजीत लिहिलेलं. मॅट्रिकपुरतं इंग्रजी येतं मला, तेवढं वाचता आलं. धुऊ नये. कागद पाण्यानं उसवतो, धूळ अडवेनासा होतो, म्हणून तर वारं जास्त येत होतं. पहिल्याच्या वेष्टनावरही हे असणारच. तो पुठ्ठा मी त्याच दिवशी डाळीच्या डब्याखाली घातला होता.

डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते कागदावर काहीतरी लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, "मावशी, त्यानं काही फरक पडला नसता. फुप्फुसं आधीच गेली होती." असेल. त्यांना जास्त कळतं. पण जे दिवस होते ते तरी सोपे गेले असते की नाही? हे कुणाला विचारू? देवापुढं बसले तर देव बोलत नाही, आणि आपला देव तर कुणाचं काही मिटवूनही देत नाही. ज्याचं त्यानं भोगायचं.

माझं मी भोगत होतेच. पण आता दुसरंच होऊन बसलंय.

उज्ज्वलानं या पर्युषण पर्वात दहाही दिवस उपास धरले. नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. पहिल्या दिवशी फोन आला. मी म्हटलं, "अगं, तुला एक उपास झेपत नाही, दहा कशाला?" तर रडायला लागली. "आई, फिल्टर मी स्वस्तातला पाठवला गं. भारीतला होता दुकानात, मी नाही घेतला. आण्णांना बाधला. मला दुसरं काही करता येत नाही आता, एवढं तर करू दे."

मी काय म्हटलं असेल? "बरं, जप स्वतःला." एवढंच! तोंडात शब्द आला होता, जिभेनं पुढं ढकलला नाही. रोज सकाळी तिला फोन केला, रोज आवाज बारीक होत गेला, आणि रोज मी म्हटलं, आज नको, उपासात मन दुखावायला नको, उद्या सांगू. पर्वातल्या उत्तम सत्याच्या दिवशी बस्तीत सगळ्या बायका प्रवचन ऐकत होत्या, मी चटईची काडी मोडत बसले होते.

आज तिचा दहावा दिवस. माझ्या चुकीचा उपास माझी लेक करतेय, आणि मी दोन वेळा जेवतेय.

उद्या पहिल्या एसटीनं जयसिंगपूरला जाते. पारणं माझ्या हातून करायचं म्हणते ती. रस्ताभर काय बोलायचं ते जुळवीन आणि दारात पोचेपर्यंत विसरेन, हे मला आत्ताच दिसतंय. आधी सांगून मग पाणी पाजावं, हे खरं बरोबर. नाहीतर पुन्हा फसवणूकच. पण दहा दिवसांच्या उपाशी पोरीसमोर पाण्याचा पेला धरून मी कबुलीजबाब देत बसू? ते माझ्याच्यानं होणार नाही. तुमच्याच्यानं तरी झालं असतं का?

म्हणून हे वचन देते. तिला पाणी देईन, मुगाचं कढण देईन, तिच्या अंगात जरा धुगधुगी येऊ देईन. पण ती पानावरून उठायच्या आधी सांगेन. फिल्टर चांगला होता पोरी, तू पाठवलेला अगदी चांगला होता. मी तो पाण्यात बुडवला, आणि तुझ्या आण्णांशी खोटं बोलले. मग ती रडो, ओरडो, मला घरातून जा म्हणो. मी माझी पिशवी उचलून स्टँडवर येऊन बसेन. तिनं मला क्षमा करावी असं मी मागणारसुद्धा नाही. पण तिचं जेवण तिला पुन्हा गोड लागलं पाहिजे.

तुमची,
सुनंदा