बाबांच्या मणक्यातले जंतू आणि माझी टाच

टेमघर, भिवंडी
मंगळवार, १२ फेब्रुवारी २००२

तीर्थरूप केसरीनाथमामा यांना तुळजाचा वाकून नमस्कार.

मामींचे गुडघे, तुमचा खोकला आणि गरम पाण्याच्या कुंडाजवळचं प्रसादाचं दुकान, तिन्ही ठीक असतील अशी आशा करते. आमच्याकडे बाबा सोडून सगळे बरे आहेत, म्हणजे कोणीच बरं नाही. पत्र वाचून दाखवणाऱ्या गुरुजींनाही नमस्कार. गुरुजी, कंसातलं मामांना वाचून दाखवू नका, ते फक्त माझ्या मनाच्या समाधानासाठी आहे. फोनच करणार होते, पण फोन बाबांच्या उशाशी आहे.

गेल्या महिन्यात बाबांनी निजामपुऱ्यातल्या कारखान्यात लूमचा सुताने भरलेला लोखंडी बीम एकट्याने उचलला आणि तिथेच वाकलेले राहिले. रिक्षातून आणलं तेव्हाही वाकलेलेच होते. गल्लीतल्या लोकांना वाटलं, पंढरीशेठ नमस्कार करत चालले आहेत, म्हणून चार जणांनी उलट नमस्कार केला. आता तुम्हाला ठाऊकच आहे, मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, एवढ्या भांडवलावर टेमघरात कोणाचीही पाठ भरली की मला बोलावणं येतं. बी.ए. झाले तरी गावात माझ्या डोक्यापेक्षा टाचेलाच मान जास्त. रिवाजाप्रमाणे बाबांना पालथं झोपवून मी तीन लाथा दिल्या. (दुसरी जरा जोरात बसली. त्या दिवशी त्यांनी माझ्या लग्नाचा विषय काढला होता. पण देवाशपथ, मुद्दाम नव्हती.) उसण गेली नाही. उलट कळ डाव्या पायात उतरली आणि आठवडाभरात त्या पायाचा अंगठा वर उचलेना.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की मणक्यांमधली गादी सरकून नस दाबते आहे. येत्या शुक्रवारी ऑपरेशन करू, उशीर केला तर पाऊल कायमचं लुळं पडेल. बाबा घाबरले, पण हो म्हणाले. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढचा घोटाळा माझा.

आपल्या घरात शाळेत गेलेली मी एकटी, त्यामुळे विजेच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं मीच वाचते. छापलेलं ते खरं आणि तुळजाने वाचलेलं ते त्याहून खरं, असा आमच्याकडे कायदा आहे. रविवारी पेपर वाचताना बातमी आली, की विलायतेतल्या डॉक्टरांना काही रुग्णांच्या काढलेल्या गाद्यांमध्ये जंतू सापडले, आणि तेही आपल्या कातडीवर राहणारे, मुरुमांत असतात तेच. माझा हात आधी हनुवटीवर गेला. (गुरुजी, माझ्या हनुवटीवर जानेवारीपासून तीन मुरूम आहेत. त्यातला एक मी फोडला होता. त्यानंतर हात धुतले होते का, हे मला आठवत नाही. आणि त्याच हातांनी मी लाथा देण्याआधी टाचेला तेल लावलं होतं.) बातमीच्या शेवटी लिहिलं होतं, उरलेला मजकूर पान सहावर. पान सहा घरात नव्हतं. आईने त्यात सुके बोंबील बांधून शेजारी गुणाबाईंकडे पाठवले होते.

मी धावत गेले, बोंबील त्यांच्या पदरात ओतले आणि पान घेऊन आले. त्यात लिहिलं होतं, की जंतूंमुळे गादी बिघडते की बिघडलेल्या गादीत जंतू नंतर शिरतात हे अजून कोणाला माहीत नाही, आणि औषधाने दुखणं बरं होतं असा पुरावा नाही. पण तेवढ्या वेळात बाबांनी फोन करून त्यांचे भागीदार फखरुद्दीनचाचांना बोलावून घेतलं होतं. चाचा म्हणाले, "पंढरी, कीडा है तो दवा मार, चाकू काय को?" बाबांनी मान हलवली. मी पान सहा दोनदा वाचून दाखवलं, तर बाबा म्हणतात, "त्याला बोंबलाचा वास येतोय, ते न्हाय चालनार." आता ते डॉक्टरांकडे नुसत्या गोळ्या मागतात, आणि डाव्या पायाची चप्पल चालता चालता मागे राहते ते त्यांना कळतही नाही.

काल मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. माझ्या टाचेतून जंतू बाबांच्या मणक्यात गेले असतील का, हे विचारायला दोन तास रांगेत बसले. ते हसले नाहीत. लाथेने जंतू आत जात नाहीत, बातमी खरी असली तरी अजून कच्ची आहे, आणि तुझ्या वडिलांची नस त्यासाठी थांबणार नाही, असं म्हणाले. लाथा मात्र बंद कर, असंही म्हणाले. मला धीर आला आणि दारातून बाहेर पडेपर्यंत गेलाही. मामा, पेपर मी वाचला नसता तर बाबा शुक्रवारी टेबलावर असते. ते पाऊल गेलं तर माझ्या तोंडाने गेलं असं होईल. गुणाबाई विचारतात, शिकून काय मिळवलंस?

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

आपली भाची
तुळजा

ता. क. : खरं काम पुढेच आहे. डॉक्टरांनी संमतीचा फॉर्म दिला आहे, त्यावर बाबांचा अंगठा हवा. त्यात छापलं आहे की ऑपरेशननेही जंतुसंसर्ग होऊ शकतो, लुळेपणा येऊ शकतो, आणि पुढचा शब्द मला इथे लिहवत नाही. हे वाचलं तर बाबा खाटेखाली शिरतील. न वाचता अंगठा घेतला तर मला जन्मभर झोप लागणार नाही, आणि खोटं वाचायला गेले की माझी जीभ अडखळते. तुम्हाला वाचता येत नाही. म्हणून विनंती, की गुरुवारी येऊन तुम्ही तो फॉर्म डोळ्यांसमोर धरावा आणि मनाला येईल ते, पण गंभीर चेहऱ्याने, म्हणावं. ते खोटं वाचणं होणार नाही, कारण ते वाचणंच नसेल. (यात पाप असल्यास गुरुजींनी कळवावं.)

आणखी ता. क. : उद्याच्या एसटीने पाठवायचं पाकीट चिकटवत असताना बाबांनी विचारलं, मामाला काय लिवलंस, वाच. मी वाचलं. कंसही वाचले, ता. क.सुद्धा. मग फॉर्म आणून तोही वाचला, तो एक शब्दही. आई रडायला लागली. बाबांनी हाताने डावं पाऊल चाचपलं. मग म्हणाले, "दे शाई. पन केसरीला ये म्हन. मना लय भ्याव वाटतं." त्यांना असं म्हणताना मी आजवर ऐकलेलं नाही. अंगठा फार जोरात दाबला, कागद थोडा फाटला आहे, चालेल ना हे उद्या सकाळी विचारून येते. मामा, तुम्हाला काही म्हणायला नको. नुसते येऊन त्यांच्या खाटेजवळ बसा.