पास झालेल्या नवऱ्याला नापास करण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
वाहन परवाना कार्यालय
(खिडकी क्र. ४ च्या मागील खोली)

विषय : माझे पती वाहन चालविण्यास पात्र ठरल्याबद्दल तक्रार.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पात्रता प्रमाणपत्र, दि. १४.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, वय ६६. माझ्या पतींनी पस्तीस वर्षे ड्रायव्हिंग स्कूल चालविले. सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणते. स्कूल बंद झाले, पण शिकवायची गाडी घरीच आहे. तिला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आहे. हा ब्रेक अर्जात पुढे वारंवार येईल, तरी तो लक्षात ठेवावा.

२. दीड वर्षापासून मास्तरांची स्मरणशक्ती दगा देते आहे. नियमाप्रमाणे डॉक्टरांनी त्यांची तपासणी केली. लक्षात ठेवायला दिलेल्या पाच शब्दांपैकी एकही त्यांना आठवला नाही. मात्र डॉक्टरांची गाडी बाहेर चुकीच्या जागी लावली आहे, हे त्यांनी दोनदा सुनावले. कागदावर घड्याळाचे चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले, तर त्यांनी गाडीच्या वेगाची तबकडी काढली आणि काटा चाळीसवर ठेवला. भर रस्त्यात त्याहून जास्त नको, असे वर बजावले. डॉक्टरांनी शेरा मारला की प्रत्यक्ष रस्त्यावर चाचणी घ्यावी.

३. चाचणीला आलेले आपले निरीक्षक मास्तरांचेच विद्यार्थी निघाले. वास्तविक त्यांनी पुढे बसायला हवे होते. पण "मास्तर, तुमच्या शेजारी बसून तुमचीच परीक्षा घेऊ? माझ्याच्यानं नाही व्हायचं," असे म्हणून ते मागे बसले. पुढची सीट रिकामी दिसली, म्हणून रोजच्या सवयीने मी बसले. सदर चाचणीत ब्रेक नऊ वेळा लागला आणि नऊही वेळा तो मी लावला. निरीक्षकांनी "ब्रेकवर असामान्य प्रभुत्व" असे लिहिले. संसाराच्या चाळीस वर्षांत माझे इतके कौतुक कोणी केले नव्हते, त्यामुळे मी गप्प राहिले. चूक माझी आहे. निरीक्षकांना बोल लावू नये. सीटबेल्टवरून मास्तरांनी त्यांना निघतानाच झापले होते, त्यामुळे ते आधीच धास्तावले होते.

४. हा प्रकार दीड वर्ष चालू आहे. माझ्या उजव्या चपलेचा तळ दोनदा बदलून झाला. मास्तरांना याचा पत्ता नाही. गाडी आता इतकी सरावली आहे की मनात आणले की थांबते, असे ते शेजाऱ्यांना सांगतात. त्यांचा हा आनंद माझ्याने मोडवला नाही. मीच का चालवत नाही, असे आपण विचाराल. मला गाडी चालवता येत नाही, फक्त थांबवता येते.

५. मागील मंगळवारी मी तापाने पडून होते. मास्तर आपले प्रमाणपत्र खिशात घालून एकटेच माझ्या गोळ्या आणायला निघाले आणि तासाभराने पायी परतले. गाडी चौकातल्या कारंज्याच्या कठड्याला धडकून थांबली होती. कोणाला इजा झाली नाही. काय झाले, असे विचारल्यावर ते पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "काय माहीत. तू शेजारी नसलीस की हिचा ब्रेकच लागत नाही." महोदय, मी आधी हसले आणि मग फार रडले. मला भीती वाटते. उद्या कठड्याच्या जागी एखादे माणूस असेल.

६. तरी सदर प्रमाणपत्र त्वरित रद्द व्हावे. माझे ते ऐकणार नाहीत. गोल शिक्क्याचे ऐकतात. पत्र त्यांच्याच नावे पाठवावे. त्यात "स्मृतिदोष" हा शब्द कृपा करून नसावा. "आपला अनुभव पाहता यापुढे आपण फक्त शिकवावे," असे काहीतरी लिहावे. कोणाला शिकवायचे, ते सोबतच्या कागदांवरून कळेल.

आपली नम्र आणि नऊही ब्रेकना जबाबदार,
(सही)
मास्तरांची पत्नी
दि. २२

सोबत :
(१) मूळ प्रमाणपत्र. मास्तरांच्या खिशातून काढले आहे. ते सकाळपासून शोधत आहेत, पण काय शोधत आहेत ते विसरले आहेत.
(२) डॉक्टरांचा अहवाल, घड्याळासह.
(३) माझा शिकाऊ परवान्यासाठीचा अर्ज. गाडी दुसऱ्या स्कूलची असेल व तेथील बाई माझ्या शेजारी बसतील. मास्तर मागे बसून शिकवतील. मागच्या सीटला ब्रेक नाही, याची मी वाकून खात्री करून घेतली आहे.