ब्रुसेल्स ते रिब्निक, उजेड असेतो

रिब्निक, २१ जुलै

प्रिय क्लारा,

तुला, जावईबापूंना आणि पोरांना आशीर्वाद. आम्ही ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत.

शर्यतीची कबुतरं विकत घेणाऱ्या त्या बेल्जियन गृहस्थांना पत्ता तूच दिलास, तेव्हा त्यांना काय दाखवलं तेही ऐक. कबुतरखाना, खाणीतून बाद झालेल्या लाकडाचा: मी बांधलेला. घरटी, उतरायची फळी, वेताच्या टोपल्या: माझ्याच हातच्या. माडीचा जिना आणि तुझा पलंगसुद्धा. आणि मोद्रा, माझी शर्यतीची कबुतरी. तिची आजीदेखील मी जुळवलेल्या जोडीची. खाणीत मी वायरमन. कबुतरं शिकवायला मला कुणी गुरू नव्हता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी फोनवर काय हसलीस! "बाबा, ब्रुसेल्सहून विमानाला दोन तास लागतात. तुमची मोद्रा चार दिवसांनी पोचेल, तीही ससाण्याने ठेवली तर!"

"आणि त्याच दिवशी उजेडात आली तर?"

"तर डिसेंबरात खाणवाल्यांच्या बार्बुर्काच्या सणाला पोरांना घेऊन येते. लागली पैज!"

तुझे दोन तास मला मान्य नाहीत. विमान तुला कातोवित्सेला सोडतं. घरापासून विमानतळ, तिथली रांग, इकडची बस धरली, तर आमच्या दारावरची घंटा वाजायला आठ तास. मोद्राला सरळ रेषेत एक हजार आठ किलोमीटर. सकाळी सहाला तुमच्या ब्रुसेल्सहून सोडली, पाठीवर पश्चिमेचा वारा, आणि उतरायचं थेट माझ्या फळीवर.

संध्याकाळी साडेसातनंतर चर्चच्या बाजूला ठिपका दिसला. मोद्राच! पण उतरेना. नुसत्या घिरट्या. मागे वळून बघतो तर दोरीवर पांढऱ्या चादरी फडफडताहेत. शर्यतीच्या दिवशी, आपल्या अंगणात!

"हिल्डा, चादरी!" मी तुझ्या आईवर ओरडलो.

"ओरडू नका. क्लाराच्या पलंगाच्या आहेत. पैज जिंकणार म्हणालात ना? मग धुवायला नकोत?"

शेजारचा एरविन हसता हसता कुंपणावर लवंडला. "आल्फ्रेड, तुझ्या कबुतरावर तुझ्यापेक्षा हिचाच भरवसा जास्त!"

चादरी काढेपर्यंत सहा मिनिटं गेली. मोद्रा उतरली तेव्हा सूर्य अजून छपरांच्या वर होता. जिल्ह्यात दुसरी आली, चार मिनिटांनी मागे. मी चिडलो नाही. आईला विचार.

रविवारी तुझे बेल्जियन आले. मोद्राला हातात धरलं, पंख उलगडून पाहिला, डोळा पाहिला आणि पुन्हा पंख उलगडला. असं पुन्हा पुन्हा बघणं मला समजतं. मी विचारलं, "उडवणार ना हिला?"

"छे! सोडली की परत तुमच्याकडेच येईल. पिल्लांसाठी पिंजऱ्यात ठेवणार, कायमची."

मग त्यांनी आकडा सांगितला. आईने हातातला कप खाली ठेवला.

पक्षी विका, घर विका, इकडे राहायला या, असं तू लिहितेस. मायेने लिहितेस, कळतं. सुट्टी मिळणं अवघड, असंही परवा कळवलंस. असेल. पण पैज तू हरलीस, आणि आईने त्या चादरी पलंगावर घालूनही टाकल्या. रोज जिना चढून सुरकुत्या काढते. गुडघा त्यानेच दुखतो.

वाट बघण्यात मात्र जिल्ह्यात पहिला,
तुझा बाबा
आल्फ्रेड

ता. क. त्यांनी मोद्राचे चाळीस हजार युरो देऊ केले होते. रोख. मी नको म्हटलं.