मामाच्या उंचीचं छप्पर

प्रिय मामा,

हे पत्र टाकायची हिंमत होईल असं वाटत नाही.

तुझी जुनी गाडी मला देताना तू एकच म्हणालास, "तयार झाली की पहिली चक्कर मला." मी मोठं इंजिन बसवलं, मागे रुंद चाकं लावली आणि गाडी ऐटबाज दिसावी म्हणून छप्पर कापून चार बोटं खाली आणलं. तुला आत बसवून बघायचं मात्र सुचलं नाही.

त्या दिवशी गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर तू वाकून आत शिरलास आणि तुझं डोकं दाणकन आपटलं. माझे मित्र हसले. मीही हसले. तू कपाळ चोळत म्हणालास, "गाडी झकास झालीये गं, मीच लांबडा!" आणि चालत घरी गेलास.

छप्पर मी पुन्हा कापलं आणि पट्टी जोडून वर उचललं. जोड दिसतो, दिसू दे. आता आधी माणूस बसवते, मग पत्रा कापते.

काल फोनवर माफी मागणार होते, पण "छप्पर उचललंय, ये" एवढंच बोलले. तू खुशीत विचारलंस, "टोपी घालून आलो तर चालेल?"

मला रडू आवरेना, म्हणून फोन ठेवला.

मान खाली घातलेली,
तुझी भाची