मोठ्या बाईंचा खण

मार्ग. शु. ९, सोमवार
आज पुन्हा पहिल्याच तासाला पोटात ढवळलं. मुलींना धावदोरा घालायला लावून मागच्या हौदाकडे पळाले. शिपाईण गंगव्वा घागर विसळत होती. कनवटीची लवंग काढून माझ्या हातावर ठेवली. तिला कळलं.
याआधी दोनदा हातचं गेलंय, म्हणून तिसरा महिना सरेपर्यंत ‘ह्यां’च्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. शाळेत तर नाहीच. गेल्या वर्षी कमलबाईंनी भाबडेपणानं सांगितलं. मोठ्या बाईंनी खणानारळानं ओटी भरली, गोड गोड बोलल्या, आणि त्याच आठवड्यात जागा दुसरीला दिली. आमच्याकडे हेडमिस्ट्रेसबाईंची ओटी म्हणजे निरोप.
ह्यांच्या गिरणीचं दार अजून बंदच. घर माझ्या पगारावर.

शु. १३, शुक्रवार
मोहोळचे आप्पा भाचीला भेटायला आले होते. भाची म्हणजे माझ्या वर्गातली शांता. आप्पा तिथल्या नव्या मुलींच्या शाळेचे चेअरमन. शिवणाला बाई हवी आहे.
“तुमी हो म्हणा, बाई, नेमणुकीचा कागद मी धाडतो. पण सारखी रजा मागणारी नको की आमाला. लहान लेकरू न्हाय न्हवं?”
“नाही,” म्हणाले. खोटं कुठं आहे? अजून नाहीच. तरी घरी येईपर्यंत तोंड कडू.

व. ६, शनिवार
हे म्हणतात, मोहोळचा कागद हातात पडू दे, तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकता येते हो, पोटावर किती निऱ्या घालू? आणि तिथं रुजू झाल्यावर महिन्याभरात दिसायला लागलं तर आप्पा काय आरती ओवाळणार? इथं आधी सांगावं तर आहे ती जागा जाते. रागानं ताट लोटलं. मग वाईट वाटलं. गिरणी काय ह्यांनी बंद केली?

व. ११, गुरुवार
सोमवारी, अमावास्येला, भर दुपारी सूर्यग्रहण. मोठ्या बाई पुण्याच्या, सुधारक. नोटीस फिरवली: शाळा भरेल, खुळचट समजुतींना सुट्टी नाही. माझ्या वर्गाला कापड बेतून कापायचा धडाही त्याच दुपारी. मी सही करताना माझ्याकडे बघत राहिल्या. की मलाच तसं वाटलं?
गरोदर बाईनं ग्रहणात कातर धरली तर मुलाला... लिहीत नाही. मीच मुलींना दिवा आणि संत्रं घेऊन ग्रहण समजावलंय. सावली पडते, एवढंच. एवढंच.
रजा मागावी? नेमकी त्या दिवशी मागणं म्हणजे दवंडी पिटणं.

व. ३०, सोमवार
वर्गात उजेड पिवळट झाला. कावळे गप्प. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.
“हं, कापा ना. मुली पाहताहेत.”
झबल्याचं कापड. कातर उचलली. गळ्याचा पहिला काप घातला. मनात सारखं, सावली आहे, सावली. तेवढ्यात व्हरांड्यातून गंगव्वा धावत आली आणि तिनं माझं मनगट धरलं.
“बाई, ठिवा ती खाली! दिवस गेल्यात तुमाला, अन् गिराणात कापताय व्हय? लेकराचा ओठ फाटंल की!”
सगळा वर्ग ऐकत होता. शांतासुद्धा.
मोठ्या बाई हसल्या. अगदी मायेनं. “अगंबाई! आम्हाला सांगायचं नाही होय?”
गंगव्वावर चिडू तरी कशी? लेकरासाठी धावली बिचारी. पण तो एक काप ती यायच्या आधीच पडला होता.

पौष शु. १, मंगळवार
रात्री डोळा लागला नाही. ओटीपोटात बारीक कळ येते नि जाते. कालच्या कापाची की नुसत्या भीतीची? मोहोळचा कागद नाहीच. शांतानं काल ऐकलं, आता आप्पांच्या कानावर जायला कितीसा वेळ!
शाळेला निघणार तोच दारात गंगव्वा. हातात तबक, त्यात हिरवा खण, नारळ, तांदूळ. डोळे रडून सुजलेले.
“मोठ्या बाईंनी धाडलंय. तूच ओटी भर म्हनल्या. आता शाळेची दगदग नको म्हनल्या तुमाला. माझंच तोंड जळलं वो, बाई...”
पौषात ओटी! महिना सरायचीही वाट पाहिली नाही.
घेतली की नोकरी गेली. परत पाठवावी, तर दाराशी आलेली ओटी परत लावायची, तीही या पोटानं, कालच्या त्या कापानंतर? दोनदा रिकामी झालेय मी. तिसऱ्यांदा माझ्याच्यानं होणार नाही.
आतून हे म्हणाले, “तिला आत तरी घे.”
पाटावर बसवलंय. चहाचं आधण ठेवलंय, तेवढ्यात हे लिहितेय. तबक आमच्या दोघींच्या मध्ये आहे. मी पदर कधी पुढं करते म्हणून ती बघतेय.
कळ पुन्हा आली.