न दिसणाऱ्या काचेची हजेरी

प्रति,
मा. सचिव,
प्रकाश व पातळ थर वार्षिक परिषद,
होबार्ट, टास्मानिया.

विषय : मांडलेली काच 'मांडली नाही' ही नोंद रद्द करून माझी व्हॅक्यूम पेटी माझ्याकडेच ठेवणेबाबत.
संदर्भ : मांडणी निरीक्षक श्री. क्लाइव पायबस यांचा शेरा, "चौकट रिकामी."

महोदय,

१. हवा काढून घेतलेल्या पेटीत मी काचेवर थर चढवते. भिंगांवरची झळाळी घालवणे हा माझा धंदा. थर नीट जमला तर प्रकाश काचेवरून परत फिरत नाही, सरळ पार जातो. यंदा तो इतका जमला, की काचच दिसेनाशी झाली. माझा काही अपराध असेलच तर तो एवढाच.

२. परिषदेत जो काही मांडत नाही, त्याला परिषदेने दिलेली पेटी वर्षभरासाठी दुसऱ्याला जाते. आळशांसाठी हा नियम हवाच. परंतु माझी पेटी श्री. डेरिल क्विल यांना जाणार असे कळते. श्री. क्विल उन्हाळी चष्म्यांवर मोरपंखी थर चढवतात. त्यांची काच डर्वेंट नदीच्या पलीकडूनही दिसते, बघायची नाही म्हटले तरी दिसते. माझी पेटी मी स्वतः सुटी करून, घासूनपुसून पुन्हा जोडलेली आहे. तिचा पंप रुसला की कुठे कान लावायचा हे मला ठाऊक आहे, श्री. क्विल तिला लाथ मारतील. या विचाराने माझा जीव कासावीस होतो. हे अर्जाच्या भाषेत कसे लिहावे ते न कळल्याने तसेच लिहिले आहे.

३. श्री. पायबस तपासणीस आले तेव्हा आपल्या मंडळींच्या रिवाजाप्रमाणे मान तिरकी करून कडेकडेने चालले. तिरप्या नजरेला थराची जांभळट झाक दिसते, हे खरे. पण तीही मी काढून टाकली होती. ते म्हणाले, "अगं ग्वेंडा, नुसती चौकटच आणलीस? काच घरी विसरलीस की काय?" मी म्हटले, "अरे क्लाइव, काच तुझ्यासमोर आहे. लाव बोट." त्यावर ते असे दचकले, जणू मी त्यांना कुणाच्या चहात थुंकायला सांगितले. "काचेला बोट? मी? भर परिषदेत?" बाजारातल्या कुणीही बोट लावून क्षणात निकाल दिला असता. पण आपल्यात जो हातमोज्याशिवाय काचेला शिवतो, त्याला आपण जेवायलाही बोलवत नाही. त्यामुळे निरीक्षकांनी शिस्त पाळली आणि शेरा मारला.

४. मी समितीकडे धाव घेतली. समितीने सुचवले, की काचेच्या दारांवर लावतात तशी लाल पट्टी मधोमध चिकटवावी. तिथे हजर असलेल्या श्री. क्विल यांनी पुस्ती जोडली, "थोडी धूळ बसू दे गं, आपोआप दिसेल." मी नकार दिला. तेव्हा असे ठरले, की काच असल्याचा दाखला परिषदेच्याच निरीक्षकाकडून आणावा. निरीक्षक अर्थातच श्री. पायबस.

५. तो दाखला मला चहाच्या सुट्टीत मिळाला. चहाचे टेबल सांभाळणाऱ्या श्रीमती बेव हॅनफर्ड यांनी माझ्या चौकटीच्या बरोबर मागे खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकांचे ताट ठेवले होते. श्री. पायबस यांना वळसा घालण्याचा कंटाळा आला. "रिकामीच तर आहे," असे म्हणून ते चौकटीतून वाकले. आवाज सबंध सभागृहाने ऐकला, धक्क्याने मागचे ताट पालथे झाले. बेवबाई ओरडल्या, "अरे देवा, क्लाइव! नाक बघू तुझं!" ते म्हणाले, "काही नाही गं, चौकटीला लागलं." चौकट लाकडाची आहे आणि कडेला आहे, नाक मधोमध आपटले. अशा काचेवर तेलकट डाग फार उठून दिसतो. नाकाचा शेंडा, वरचा ओठ आणि मिशांची उजवी बाजू स्पष्ट उमटली आहे. श्री. पायबस यांनी तो पुसायला लगेच खिशातला रुमाल काढला. मी आडवी आले.

६. तरी विनंती, की सदर ठसा श्री. पायबस यांच्या नाकाशी ताडून पाहावा, माझ्या काचेची हजेरी लावावी आणि पेटी माझ्याकडेच ठेवावी. महोदय, आयुष्यभर मी काचांवरचे डाग पुसत आले. एवढी निर्मळ काच माझ्या हातून पूर्वी झाली नाही, पुन्हा होईल की नाही सांगता येत नाही. आणि ती आहे हे पटवायला मला तिच्यावरचा हा एकुलता एक डाग जपावा लागतो आहे. मला त्याच्याकडे बघवत नाही. निकाल झाल्याबरोबर कळवावे. पुसायला मीच येईन.

निकालाकडे आणि त्या डागाकडे डोळे लावून बसलेली,

आपली नम्र,
(सही)
ग्वेंडा ट्रेथेवी
सँडी बे, होबार्ट
ता. १२ फेब्रुवारी

सोबत :
(अ) बेवबाईंचा जबाब. त्यात लॅमिंग्टन फुकट गेल्याची वेगळी तक्रार आहे, ती माझी नव्हे.
(ब) काच, एक. खोके उघडल्यावर आत फक्त कुणाचे तरी नाक आणि अर्धी मिशी दिसेल. बाकीची काच त्याच्या भोवती आहे.